सुईच्या डागावर मेकअप

माझ्या डाव्या नाकपुडीच्या कडेला मुगाच्या डाळीएवढा एक खळगा आहे. तिथून वरच्या ओठापर्यंत एक फिकट पट्टा उतरलाय. समोर बसणाऱ्या बाईची नजर आधी तिथंच जाते आणि मग ती बाई घाईघाईनं माझ्या साडीचं कौतुक करते. म्हणून मीच सांगून टाकते. भाजलेलं नाही, अपघात नाही, नवऱ्यानं मारलेलं तर मुळीच नाही. चांगलं दिसायची सुई घेतली होती, तिचं हे काम.

मी संगीता. ताडकळसला बसस्टँडच्या मागं माझं ब्युटी पार्लर आहे, अठरा वर्षं झाली. भुवया, फेशियल हे रोजचं. पण माझं खरं काम नवरीचा मेकअप. फुशारकी वाटली तर वाटू द्या, पण आमच्या पूर्णा तालुक्यात माझ्यासारखा हात नाही. भर मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात, लाईट गेलेली असताना मी बसवलेलं फाउंडेशन अक्षता पडेपर्यंत हलत नाही. वांग असो, मुरुमांचे खड्डे असोत, लहानपणी चुलीवर भाजल्याचा डाग असो, मी झाकते. हे झाकणंच एक दिवस माझ्या अंगाशी आलं.

हे लिहिते आहे ते कुणाला भेडसावायला नाही. ज्यांच्या मोबाइलवर आत्ता अशा एखाद्या क्लासची जाहिरात उघडी आहे, त्यांनी सावकाश वाचावं. ज्यांच्या गालावर सुई घेतल्यावर पांढरा चट्टा पडलाय, त्यांनी वाचत बसू नये. उठावं, दवाखान्याची वाट धरावी, आणि वाचायचंच असेल तर गाडीत वाचावं.

थकल्यावाणी

गेल्या उन्हाळ्यात एका नवरीची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमी लय थकल्यावाणी दिसायलात. तब्येत बरी न्हाई का?"

मी ठणठणीत होते. तिच्याच मुलीचा अंबाडा घालत उभी होते. पण ते वाक्य मनात रुतून बसलं. घरी येऊन मी त्या दिवशीचा व्हिडिओ बघितला. परभणीच्या नव्या पोरी मेकअप करतानाचे व्हिडिओ टाकतात, म्हणून मीही टाकायला लागले होते. त्यात नवरी छान दिसत होती आणि तिच्या मागं मी, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन खोल घड्या घेऊन. चव्वेचाळीसाव्या वर्षी त्या असायच्याच. पण माझा धंदाच चेहऱ्याचा. मला वाटलं, जिला स्वतःच्या घड्या घालवता येत नाहीत तिच्यासमोर मुली कशाला बसतील?

तेवढ्यात जाहिरात आली. नांदेडला एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक दिवसाचा क्लास. फिलर शिका, सर्टिफिकेट घेऊन जा. फिलर म्हणजे घट्ट जेलसारखा पदार्थ. तो सुईनं कातडीखाली भरतात, म्हणजे घडी वर उचलली जाते, ओठ फुगीर दिसतात. हे डॉक्टरचं काम आहे, हे त्या जाहिरातीत कुठंच नव्हतं. आणि मीही ते विचारलं नाही.

इथं एक गोष्ट कबूल करायची आहे, नाहीतर हे सगळं लिहिण्याला अर्थ नाही. मी फक्त सुई घ्यायला गेले नव्हते. सुई मारायला शिकायला गेले होते. दोन गिऱ्हाइकांना मी शब्दही देऊन बसले होते की परत आले की तुमचे ओठ करून देते. त्यातली एक अजून कॉलेजात होती. माझी सुई नीट बसली असती, तर आठवड्याच्या आत मी त्या पोरीच्या तोंडात सुई खुपसली असती.

घरी खोटं सांगितलं. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, त्यामुळं मीही म्हणते. त्यांना सांगितलं, नांदेडला मेकअपचं शिबिर आहे. ते म्हणाले, "जाऊन ये की. शिकावं माणसानं."

बर्फ

हॉलमध्ये आम्ही चौदा जणी. सगळ्या पार्लरवाल्या, कुणी जिंतूरकडची, कुणी वसमतची. शिकवणाऱ्या मॅडमच्या अंगात पांढरा कोट होता. एवढ्यावर आम्ही त्यांना डॉक्टर मानलं. जेवणानंतर त्यांनी विचारलं, "मॉडेल कोण होणार?" आणि पहिला हात माझा वर गेला.

माझी एक सवय आहे, तिच्यावरून पोरी मला हसतात. मी पॅच टेस्टची वही ठेवते. लग्नाच्या दोन दिवस आधी नवरीच्या हाताच्या आतल्या बाजूला सगळं थोडं थोडं लावून बघते, खाज येते का, लाल होतं का. वहीत तिचं नाव, खाली कोणती क्रीम, कोणतं काजळ, आणि शक्य असेल तर डबीवरचं लेबलच काढून चिकटवते. फार पूर्वी एका नवरीचे डोळे काजळानं सुजले होते आणि कोणतं काजळ लावलं तेच मला आठवेना. त्या दिवसापासून ही वही. सुईच्या खोक्यात छोटे स्टिकर होते, नाव आणि नंबर छापलेले. मी सवयीनं एक काढून वहीत लावला आणि वर स्वतःचं नाव लिहिलं.

मॅडम हसल्या. "ताई, स्टिकर काय जमा करताय लहान मुलांसारखे?"

उजवी बाजू नीट झाली. डाव्या बाजूला सुई गेली आणि दाढ उपटल्यासारखी कळ डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. मी ओरडले. बघता बघता नाकाच्या कडेची कातडी पांढरीफटक पडली, चुना लावल्यासारखी.

मॅडम म्हणाल्या, "हे नॉर्मल आहे. बर्फ लावा."

आणि बर्फ आला. आता हे नीट ऐका. चौदा पार्लरवाल्या त्या खोलीत होत्या आणि एकीलाही शंका आली नाही, कारण भुवया कोरल्यावर आम्ही सगळ्याच बर्फ लावतो. लाल झालं की बर्फ, सुजलं की बर्फ, आमच्या धंद्याचं ते पहिलं औषध. पण माझं लाल झालं नव्हतं, पांढरं झालं होतं. जेलनं रक्ताची वाट अडवली होती. जिथं रक्त पोचत नव्हतं तिथं ऊब हवी होती, आणि आम्ही तो भाग अजून गारठवत होतो. पाळीपाळीनं, प्रेमानं, एकमेकींच्या हातातून बर्फाचा रुमाल घेत.

शेवटी सर्टिफिकेट घेतानाचा फोटो काढला. त्या फोटोत मी फक्त उजव्या बाजूनं हसले आहे.

राणीसावरगावची नवरी

सकाळी उठून आरशात बघितलं. नाकापासून ओठापर्यंत जांभळी जाळी उमटली होती. मासे धरायच्या जाळ्यासारखी, बारीक बारीक चौकोनांची. दुखत होतं, आणि वरचा ओठ जरा बधिर वाटत होता.

त्या दिवशी राणीसावरगावला लग्न होतं. नवरीकडची जीप आठ वाजता दारात येणार होती. शहाण्या बाईनं दवाखाना गाठला असता. मी मेकअपची पेटी उघडली.

जांभळ्यावर आधी केशरी करेक्टर थापायचा, मग कन्सीलर, मग फाउंडेशन, मग पावडर. हे मी हजार वेळा दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर केलंय. माझ्यावर वीस मिनिटं लागली. काम इतकं सफाईदार झालं की खिडकीजवळ, उन्हात उभं राहूनही मला स्वतःला काही दिसेना. खरं सांगते, मी आरशात बघून स्वतःला शाबासकी दिली. गुरुजी दारातून म्हणाले, "आज तर तूच नवरी दिसायलीस." मी लाजलेसुद्धा.

आयुष्यातलं माझं सर्वात चांगलं झाकण्याचं काम ते, आणि तेच सर्वात वाईट.

नवरी मात्र सुरेख झाली, त्यात खोट नाही. परत येताना चहा पिले तर ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला आणि मला कळलंच नाही, जीपवाल्यानं सांगितलं. तेव्हा पहिल्यांदा मला दवाखाना आठवला. गावात उतरल्यावर आधी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बघितलं, म्हणाले, थोडी सूज आहे, अॅलर्जी असेल, आणि गोळ्या दिल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना माझा गाल दिसलाच नाही, माझा मेकअप दिसला. आणि सुई घेतली हे मी त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

आदी तोंड धू

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा स्वभाव तापट, जीभ तिखट, आणि गेल्या दिवाळीत परभणीला मोतीबिंदू काढल्यापासून नजर घारीची. डोळ्याची पट्टी सुटल्यावर दवाखान्यातच पहिलं वाक्य बोलल्या होत्या, "कोपऱ्यात जाळं हाय, कुणी काडंना का?"

त्यांचा एक नियम आहे. लग्नातून, बाजारातून, कुठूनही आलं तरी आधी हातपाय-तोंड धुवायचं, मग माठाला हात लावायचा. मी घरात शिरले आणि सरळ आत निघाले.

"तोंड धू आदी."

"धुते नंतर, आत्याबाई. डोकं दुखायलंय."

"डोस्कं दुखायलंय तर गार पाणी मारावं का न्हाई? बस हितं."

मी टाळतेय हे त्यांच्या नव्या डोळ्याला लगेच दिसलं. त्यांनी मला ओसरीवर खाली बसवलं, टॉवेल पाण्यात बुडवला, पिळला आणि लहान लेकराचं पुसतात तसं माझं तोंड पुसायला लागल्या. मी हात धरला तर हातावर चापट मारली. पहिल्यांदा टॉवेल तपकिरी झाला, मग भगवा. मग त्यांचा हात थांबला.

"आगं बया. हे काय गं?"

जाळीच्या मधोमध आता काळपट डाग होता आणि नाकाच्या कडेला बारीक पिवळे फोड आले होते. सकाळी ते नव्हते. मेकअपच्या खाली, मी नवरीला सजवत असताना, ते गुपचूप वर आले होते.

मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं. नांदेड, क्लास, सुई, बर्फ. आत्याबाईंनी आधी मला मनसोक्त झोडपलं, तोंडानं. "काय धाड भरली व्हती तोंडाला? आँ? चांगलं नाकीडोळी नीटस दिलंय देवानं, त्याला सुया टोचून घेतल्यास?" आणि त्याच दमात आत हाक मारली, "आरं ए, गाडी बग कुणाची! परभणीला जायचंय. आत्ताच्या आत्ता!"

गुरुजींनी शेजाऱ्यांची गाडी आणली. आत्याबाई हातातल्या टॉवेलसकट मागं चढून बसल्या. मी पिशवीत आधार कार्ड घेतलं, मोबाइल घेतला, आणि काय वाटलं कोण जाणे, वही घेतली.

मधमाशी

परभणीच्या कातडीच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी काही विचारायच्या आधी माझ्या गालावर बोट दाबलं, सोडलं आणि पुटपुटत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. चांगल्या कातडीवर बोट उचललं की रंग लगेच परततो. माझा परतायला उशीर लागत होता.

"दिसायला काही फरक? डोळ्यासमोर अंधारी, धूसर?"

"न्हाई."

"नशीब. तसं झालं असतं तर एक मिनिटही हातात नसतं. सुई कधी घेतली?"

"काल दुपारी."

मॅडमनी डोळे मिटले आणि उघडले. रागावल्या नाहीत. तो क्षण मला रागावण्यापेक्षा जड गेला.

"आत काय भरलंय माहीत आहे? सगळी फिलर सारखी नसतात. काही विरघळवता येतात, काही नाही. नाव कळल्याशिवाय मी अंधारात औषध मारणार."

मी वही उघडून पुढं केली. वरती माझ्या अक्षरात 'संगीता (स्वतः)', आणि खाली स्टिकर. मॅडमनी तो दिव्याखाली धरून वाचला आणि पहिल्यांदा हसल्या. "विरघळतं. हे कुणी जपून ठेवलं?"

"मीच की."

"बायका रिकामी सुईसुद्धा बघत नाहीत, आणि तुम्ही नंबर चिकटवून आणलात."

मला माझ्या आयुष्यात खूप शाबासक्या मिळाल्यात, बहुतेक नवऱ्या मुलींच्या आयांकडून. पण अर्धा चेहरा काळवंडलेला असताना मिळालेली ही शाबासकी मी कधी विसरणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "मधमाशी चावून कधी अंग सुजलंय, श्वास अडकलाय?"

आत्याबाई दारातच होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "डाक्टरीन बाई, हिला सुईनं डसलंय. मदमाशीचं काय काडायलात?"

मॅडमनी समजावलं, की ज्यांना मधमाशीचा फार त्रास होतो त्यांना जेल विरघळवणारं औषधही बाधू शकतं, म्हणून विचारावं लागतं. माझं तसं काही नव्हतं. अडचण वेगळीच होती. ते औषध मॅडमकडे थोडंच होतं आणि मला भरपूर लागणार होतं. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भूल देताना हेच औषध वापरतात म्हणे. मॅडमनी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. दवाखान्याचं नाव कानावर पडताच आत्याबाई ताठ झाल्या.

"आवं त्यो माजाच दवाखाना हाय! सांगा त्येंन्ला, ताडकळसची म्हातारी हाय. ज्या म्हातारीनं जाळं काड म्हणून सांगितलं ती!"

गुरुजी जाऊन बाटल्या घेऊन आले. त्या छोट्या बाटल्यांकडे बघून मी हात जोडले. कुणाकुणाच्या डोळ्यांसाठी ठेवलेल्या होत्या त्या.

शेरा

शेजारच्या हॉस्पिटलात मला चार दिवस ठेवलं. पहिल्या दिवशी तासातासाला सुया. आदल्या दिवशी हौसेनं दोन घेतल्या होत्या, आता रडत मोजायचं सोडून दिलं. सुई झाली की कोमट पाण्याचा टॉवेल, मग मॅडमनी दाखवलं तसं बोटानं चोळणं, मग दाबून मोजणं. परत टॉवेल. आत्याबाई हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून थर्मासभर गरम पाणी आणायच्या आणि दर वेळी कॅन्टीनवाल्याला सांगून यायच्या की सुनेनं काय केलंय. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या मजल्यावरच्या सगळ्यांना माहीत झालं होतं.

भीती कशाची होती ते सांगते. मरायची नव्हती. आरशाची होती. नाक झडेल का, ओठ वाकडा राहील का, आणि अशा तोंडानं मी कुठल्या नवरीसमोर उभी राहू? लग्नघरी बाया म्हणतील, हिनं स्वतःचं वाटोळं केलं, आपल्या पोरीचं काय करंल. माझे हात शाबूत होते, पण पार्लर नुसत्या हातावर चालत नाही, तोंडावरही चालतं.

गुरुजी दोन दिवस बोलले नाहीत. कामं सगळी करायचे, पण नजर भिंतीकडे. दुसऱ्या संध्याकाळी एकदाच म्हणाले, "चेहऱ्याचं सोड. खोटं कशाला बोललीस? मी कधी न्हाई म्हणलो असतो का?"

मी म्हणाले, "म्हणाला असता."

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "हां. म्हणलो असतो." मग आम्ही दोघंही कसनुसे हसलो, मला अर्ध्याच तोंडानं हसता आलं.

त्यानंतर बोट दाबून मोजायचं काम त्यांनी घेतलं. शाळेतला रेघांचा कागद आणला, पट्टीनं रकाने आखले. वेळ, किती सेकंदांनी रंग परतला, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. आधीच्या दोन दिवसांचं मॅडमना विचारून भरलं. पहिल्या ओळीत त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात होतं, 'सहा. असमाधानकारक.' दुसऱ्या दिवशी, 'चार. प्रयत्न चालू.' तिसऱ्या दिवशी सकाळी, 'दोन. प्रगती चांगली.' डॉक्टर मॅडम राउंडला आल्या की आधी तो कागद वाचायच्या आणि मगच माझा गाल बघायच्या. घरी सोडलं तेव्हाचा शेरा आहे, 'वरच्या वर्गात घातले.' तो कागद मी माझ्या वहीत चिकटवलाय.

चौदा जणी

मॅडमनी खरं सांगितलं होतं. थोडा भाग गेला, खळगा राहील, पट्टा राहील. पहिल्याच तासात आला असतात तर कदाचित काहीच राहिलं नसतं.

पहिल्याच तासात. हे शब्द डोक्यातून जाईनात. त्या हॉलमधल्या बाकी तेरा जणी आपापल्या गावी गेल्या होत्या, सर्टिफिकेट भिंतीवर लावून. क्लासचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात माझा उजव्या बाजूनं हसणारा फोटो आणि खाली टाळ्या.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या खाटेवर तोंडावरचा टॉवेल बाजूला केला आणि फोटो काढला. गुरुजी म्हणाले, "कशाला बोभाटा? गावात तोंड दाखवायचंय आपल्याला. तुझं पार्लर बुडंल."

त्यांचं चूक नव्हतं. त्यांना माझीच काळजी होती. पण आत्याबाई टॉवेल पिळता पिळता म्हणाल्या, "चुकली तवा गप बसून चुकली. आता खरं बोलायली तर तिला गप बसवतूस?"

मी फोटो टाकला आणि बोलून निरोप ठेवला. मी कोण, काय घडलं, पांढरं पडलं की ते नॉर्मल नसतं, बर्फ लावू नका, मी दोघींना सुई मारायचा शब्द दिला होता तो मोडला, तुम्हीही मोडा. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं. पण त्या पाच मिनिटांत ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं होतं.

त्या दोघींनाही फोन केले. कॉलेजातली पोरगी आधी रुसली, मग फोटो बघून तिनंच नको म्हटलं.

घरी येऊन आठवडा झाला असेल. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. येलदरीजवळच्या एका गावात घरातच पार्लर चालवणारी सविता, त्या चौदांतली. आवाज थरथरत होता.

"ताई, माज्या नणंदेच्या व्हटात सुई मारली. तुमचा निरोप ऐकला व्हता, पण ती लय मागं लागली वो, तिचं लगीन जमायलंय. वरचा व्हट पांढरा पडलाय. काय करू?"

"किती वेळ झाला?"

"धा मिन्टं."

मी म्हणाले, "बर्फ लावलास?"

"हातात हाय."

"फेक. कोमट टॉवेल ठेव. सुईचा खोका, सुई, सगळं पिशवीत घे. तोंडाला काही लावू नको, पावडरसुद्धा नाही, डॉक्टरला कातडी दिसू दे. तिला डोळ्यांनी नीट दिसतंय का विचार."

"दिसतंय म्हणायली."

"मग निघ. घरच्यांना काय सांगायचं ते गाडीत ठरव. मी परभणीला येते."

मॅडमना फोन लावला, त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात लावला. त्या दोघी पोचायच्या आधी बाटल्या टेबलावर होत्या. मीही पोचले, गालावर खपली घेऊन, उघड्या तोंडानं. नणंद विशीतली होती. माझ्याकडे बघून तिनं हंबरडा फोडला. मी तिचा हात धरला आणि मॅडम मोजायला लागल्या. पाच. सुया झाल्या. चार. परत सुया. दुपार कलता कलता तिच्या ओठात हळूहळू गुलाबी उतरलं, आणि मॅडम 'दोन' म्हणायच्या आत रंग परतला.

सविता भिंतीला टेकून खाली बसली. मॅडमनी हातमोजे काढले आणि तिला म्हणाल्या, "तुमच्या ह्या ताईंनी वाचवलं." मग माझ्याकडे वळून, "तुम्हालाच पगार द्यावा लागेल मला, संगीताताई. आता तुम्ही माझ्या स्टाफच झालात." मी तोंड फिरवलं, कारण डोळे भरून आले होते आणि खपली भिजवायची नव्हती.

फेब्रुवारीत त्या नणंदेचं लग्न झालं. मेकअप मी केला. ओठावर झाकायला काहीच नव्हतं.

फ्लेक्स

पार्लरचं काय झालं ते राहिलं. दोन लग्नं हातची गेली, हे खरं. एका आईनं फोनवर सांगितलं की पाहुणे काय म्हणतील. मी घरात जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी पार्लर वेळेवर उघडलं. हळूहळू बाया परत आल्या, आणि ज्या आल्या त्या वेगळंच काहीतरी विचारायला लागल्या. ताई, माझ्या सुनेनं कसलंसं इंजेक्शन घ्यायचं काढलंय, नीट डॉक्टर कोण? ताई, ह्या क्रीमनं आग होते, बघता का? एक मुलगी तर नुसती वही बघायला आली होती.

दारावरचा जुना फ्लेक्स उन्हानं विटला होता. नवा करायला परभणीला गेले, फोटो काढून दिला. संध्याकाळी फ्लेक्सवाल्या दादानं मोबाइलवर नमुना पाठवला. गाल गुळगुळीत, खळगा गायब, पट्टा गायब. वर लिहिलं होतं, 'साफ करून दिलंय ताई, वेगळे पैसे नाहीत.'

मी फोन केला. "दादा, डाग परत आणा."

"आवं ताई, नवरीच्या मेकअपचा बोर्ड हाय. डाग कसा चालंल?"

"हा डाग झाकायला मला चार मिनिटं लागतात. येत नाही म्हणून उघडा ठेवलाय असं वाटतंय का तुम्हाला?"

त्यानं परत आणला. थोडा कुरकुरला, पण आणला.

बाजाराच्या दिवशी फ्लेक्स चढला. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. माझा चेहरा, उन्हात, डागासकट, दोन हात उंच. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया थांबून बघत होत्या. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. छाती फुगली.

आत्याबाई कोथिंबिरीची जुडी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाच. काय काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. "संगीता ब्युटी पार्लर. नवरीचा मेकअप. आधी हातावर लावून बघतो. सुई मारत नाही."

"आन् खाली?"

"खाली फोन नंबर."

"मंजी माजं नाव न्हाईच?"

"तुमचं नाव कशाला, आत्याबाई?"

त्यांनी बोर्डाकडे एकवार बघितलं, मग माझ्या गालाकडे, मग पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, "तोंड कुणी धुतलं गं तुजं?"